आलिशान गाडीचे लीज : महिन्याच्या भाड्यामागचा हिशेब

शोरूममध्ये गाडीभोवती दोन फेऱ्या मारून झाल्या, आत बसून कातडी आसनांचा वास घेऊन झाला, चहा आला, की समोरचा तरुण अदबीने विचारतो, "साहेब, महिन्याला कितीत बसवायचं?" प्रश्न अगत्याचा वाटतो, पण त्याचे उत्तर आपण दिले की घासाघीस तिथेच संपते. तुम्ही "दीड लाखापर्यंत चालेल" म्हणालात, तर मुदत थोडी लांबवून, किलोमीटर थोडे कमी धरून आणि विमा वेगळा काढून तो तुम्हाला दीड लाखातच गाडी बसवून देईल, आणि आपण किती महाग घेतली हे तुम्हाला तीन वर्षांनी कळेल. पूर्वी बैलबाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा होत असे आणि भोवतीच्या माणसांना आकडा कळत नसे. लीजच्या कोटेशनमध्ये आकडा ठळक छापलेला असतो, बोटे मात्र रुमालाखालीच राहतात. तो रुमाल कसा बाजूला करायचा, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

लीज म्हणजे भाडेपट्टा. गाडी लीज कंपनी विकत घेते, तुम्ही ती ठरलेल्या मुदतीपुरती वापरता आणि मुदत संपल्यावर परत करता, किंवा करारात सोय असेल तर विकत घेता. कर्ज काढून घेतलेल्या गाडीची सगळी किंमत तुम्ही फेडत असता. लीजमध्ये त्या मुदतीत गाडीची किंमत जेवढी उतरणार असते तेवढी भरून देता, आणि त्या काळात कंपनीचे जे पैसे गाडीत अडकून पडतात त्यांवरचे व्याज देता. म्हणजे भाड्याच्या पोटात तीन आकडे असतात: गाडीची सुरुवातीची किंमत, मुदतीअखेर तिची धरलेली किंमत (हिला कोटेशनमध्ये रेसिड्युअल व्हॅल्यू म्हणतात) आणि व्याजाचा दर. या तिन्हींवर चौथा बसतो तो जीएसटी. घासाघीस करायची ती या चौघांशी, वेगवेगळी.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्री चालवणाऱ्या एका उद्योजकाला पेट्रोलवरची मोठी सेडान तीन वर्षांच्या लीजवर घ्यायची आहे आणि तिची एक्स-शोरूम किंमत 70 लाख रुपये आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवर 40 टक्के जीएसटी लागतो (त्याआधी 28 टक्के जीएसटी आणि त्यावर वेगळा उपकर होता, तो आता गेला). तेव्हा या 70 लाखांत मूळ किंमत 50 लाख आणि कर 20 लाख आहे. तीन वर्षांनी गाडीची निम्मी किंमत उरेल, असे धरू. व्याज 10 टक्के धरू. रस्ता कर आणि विमा तूर्त बाजूला ठेवू.

आता हिशेब. मूळ 50 लाखांवरून किंमत 25 लाखांपर्यंत उतरणार, म्हणजे 25 लाखांची घट 36 महिन्यांत विभागली की महिन्याला 69,444 रुपये होतात. व्याजासाठी सोपी युक्ती अशी, की सुरुवातीची आणि शेवटची किंमत मिळवून निम्मी करायची. तेवढे पैसे सरासरीने कंपनीचे अडकलेले असतात. इथे ते साडेसदतीस लाख होतात, त्यांचे 10 टक्क्यांनी वर्षाचे व्याज 3.75 लाख, महिन्याचे 31,250. दोन्ही मिळून 1,00,694 रुपये. त्यावर 40 टक्के जीएसटी 40,278, कारण गाडी भाड्याने देण्यावर जीएसटीचा दर तीच गाडी विकण्यावर असतो तोच लागतो. एकूण 1,40,972 रुपये. चक्रवाढीने काटेकोर काढले तर हा आकडा जेमतेम एक टक्क्याने वर जातो. चहाच्या टेबलावर, पाकिटाच्या पाठीवर करायला ही रीत पुरेशी आहे. अमेरिकेत लीजच्या बोलणीत व्याजदराऐवजी 'मनी फॅक्टर' नावाचा एक चिमुकला दशांश सांगतात आणि त्याला 2400 ने गुणले की वर्षाचा टक्का निघतो. त्या 2400 च्या मागेही ही निम्मे करण्याचीच युक्ती आहे. आपल्याकडे त्याऐवजी 'पीटीपीएम' नावाचा आकडा सांगतात, म्हणजे किमतीच्या दर हजार रुपयांमागे दरमहा भाडे. वरच्या उदाहरणात 50 लाखांवर 1,00,694, म्हणजे हजारी 20 रुपये 14 पैसे.

इथे सर्वांत मोठी फट आहे. लीज कंपनी गाडी घेताना 20 लाखांचा जीएसटी भरते, पण गाडी पुढे भाड्याने देणे हाच तिचा व्यवसाय असल्यामुळे अशा कंपन्या साधारणपणे त्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, घेतात. तिच्या खिशातून खरे गेलेले पैसे 50 लाख. असे असूनही एखादे कोटेशन 70 लाख हाच पाया धरून येते. मग घट 35 लाखांची, महिन्याला 97,222, व्याज 43,750, मिळून 1,40,972. हा आकडा ओळखीचा वाटेल: पहिल्या हिशेबात जीएसटी मिळवून जे आले होते, तेच इथे जीएसटी लावण्याआधी आले. आता त्यावर आणखी 40 टक्के लावले की 1,97,361 रुपये होतात. करावर कर बसला. महिन्याला 56,389 रुपयांचा फरक, आणि 36 महिन्यांत 20 लाखांहून अधिक. गंमत अशी, की पीटीपीएम दोन्ही कोटेशनमध्ये तोच, 20 रुपये 14 पैसे! दोन कंपन्यांचे हजारी दर शेजारी ठेवून तुलना करणारा माणूस इथे हमखास फसतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा, आणि उत्तर लेखी मागावे: "तुमचा हजारी दर कोणत्या रकमेवर लावला आहे, आणि तिच्यात गाडीवरचा जीएसटी धरला आहे की वगळला आहे?" या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याकडे पुढचे प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाया ठरला की गाडीच्या किमतीकडे वळावे. शोरूममध्ये आधी रोख खरेदीदार म्हणून बोलणी करावीत, सूट किती मिळते ते पक्के करावे आणि लीजचा विषय त्यानंतर काढावा. डिसेंबरमध्ये विक्रेते जास्त सैल सोडतात, कारण जानेवारी उजाडला की गाडी कागदोपत्री मागच्या वर्षाची ठरते. पण इथे एक बारकावा आहे: मागच्या वर्षाची गाडी मुदतीअखेर विकतानाही मागच्याच वर्षाची असते, म्हणून लीज कंपनी रेसिड्युअल व्हॅल्यू खाली आणू शकते आणि मिळालेली सूट त्यातच जिरू शकते. सुटीचा भाड्यावर परिणाम किती, तोही त्याच रीतीने काढता येतो. मूळ किमतीत दोन लाख कमी झाले आणि शेवटची किंमत रुपयांत तीच राहिली, तर घटीचे 5,556 आणि व्याजाचे 833 मिळून महिन्याला 6,389 रुपये वाचतात, जीएसटीसह जवळपास 8,900. व्याजाचा दर एका टक्क्याने उतरवून घेतला तर मात्र जीएसटीपूर्वी 3,125 रुपयेच वाचतात. तेव्हा अर्ध्या टक्क्यासाठी तासभर हुज्जत घालण्यापेक्षा किमतीवर जोर लावणे फायद्याचे.

रेसिड्युअल व्हॅल्यूचा आकडा दुधारी आहे. ती जास्त धरली की भाडे कमी होते; निम्म्याऐवजी 55 टक्के धरली, तर वरच्या उदाहरणात जीएसटीपूर्वीचे भाडे 94,792 रुपयांवर येते. मात्र मुदतीअखेर बाजारात गाडीला तेवढी किंमत आलीच नाही, तर तूट कोणी सोसायची, हे करारात पाहावे लागते. ऑपरेटिंग लीजमध्ये ही जोखीम साधारणतः कंपनीची असते आणि तुम्ही किल्ली देऊन मोकळे होता. फायनान्स लीजमध्ये शेवटच्या किमतीची हमी बहुधा तुमच्याकडूनच घेतलेली असते. तिथे फुगवलेल्या रेसिड्युअल व्हॅल्यूमुळे आज वाचलेले पैसे शेवटी एकरकमी मोजावे लागतात. म्हणून जोखीम कंपनीची असेल तर हा आकडा वर ढकलावा, आणि जोखीम आपली असेल तर जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याच मॉडेलला प्रत्यक्षात काय भाव येतो ते पाहून मगच मान्य करावा. गाडी शेवटी विकत घेण्याचा विचार असेल, तर ती किंमत आजच रुपयांत लिहून घ्यावी आणि तिच्यावर जीएसटी वेगळा लागणार का, तेही विचारावे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांवर जीएसटी 5 टक्केच असल्यामुळे करावर कराचा प्रश्न तिथे फार लहान होतो. पण जुन्या विजेच्या गाड्यांचा भाव अजून स्थिरावलेला नाही, त्यामुळे कंपन्या त्यांची शेवटची किंमत हात राखून धरतात.

कर वाचतो म्हणून लीज घ्या, असा सल्ला कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून गोकुळ शिरगावापर्यंत सर्रास ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण ऐकू येते तेवढे नाही. पहिली गोष्ट, भाड्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट आपल्या उद्योजकाला मिळत नाही. चालकासह तेरा माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीवरची आणि तिच्या भाड्यावरची वजावट केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) ने अडवलेली आहे, अपवाद गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे, वाहनचालन शिकवणारे अशा मोजक्या व्यवसायांचा. म्हणजे ते 40 टक्के खर्चच. दुसरी गोष्ट प्राप्तिकराची. लीजवरच्या गाडीचा घसारा मालक म्हणून लीज कंपनी घेते (सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये आयसीडीएस कंपनीच्या प्रकरणात हे स्पष्ट केले) आणि भाडे हा तुमच्या व्यवसायाचा खर्च ठरतो. उदाहरणातील 1,40,972 रुपयांचे वर्षाचे भाडे सुमारे 16.9 लाख. तीच गाडी कर्जावर घेतली तर 70 लाखांवर 15 टक्के घसारा, म्हणजे 10.5 लाख, आणि शेवटी निम्मी रक्कम एकदम फेडायची असेल तर पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे 6.5 लाख, बेरीज 17 लाखांच्या आसपास. पहिल्या वर्षी फरक जवळजवळ नाहीच! पुढच्या वर्षांत घसारा आणि व्याज दोन्ही कमी होत जातात आणि भाडे तेवढेच राहते, तिथे लीजचा फायदा दिसतो. पण कर्जाच्या बाबतीत तीन वर्षांनंतरही वह्यांत जवळपास 43 लाख शिल्लक असतात आणि त्यांचा घसारा पुढे मिळायचा असतो. हा फायदा म्हणजे बव्हंशी खर्च आधी दाखवता येण्याचा फायदा आहे. गाडीचा घरगुती वापर असेल तर खर्चातला तेवढा हिस्सा अधिकारी नाकारू शकतात, हे दोन्हीकडे सारखे. ज्यांचे मुख्य उत्पन्न उसाचे आहे त्यांना शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकरच नसल्यामुळे हा मुद्दा लागू होत नाही. अनुमानित पद्धतीने कर भरणाऱ्या छोट्या व्यावसायिकालाही भाडे वेगळे दाखवता येत नाही. या मंडळींनी "कर वाचतो" हे वाक्य ऐकले की हात जोडून उठावे.

याच संदर्भात एक तिसरा पर्याय लक्षात ठेवावा. मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू यांच्यासारख्या उत्पादकांच्या स्वतःच्या अर्थपुरवठा कंपन्या भारतात आहेत, आणि आलिशान गाड्यांच्या बाजारात अशी कर्जे मिळतात, की हप्ता लहान असतो आणि मोठा वाटा शेवटी एकदम फेडायचा असतो. काही योजनांत ठरलेल्या किमतीला गाडी परत घेण्याची हमीही असते. दिसायला हे लीजसारखेच, पण गाडी तुमच्या नावावर असते आणि कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. आपल्याच उदाहरणात 70 लाखांवर, शेवटी 35 लाख ठेवून, 10 टक्क्यांनी ढोबळ हप्ता येतो 1,40,972. नेमका योग्य लीजइतकाच. कराच्या दृष्टीने चोख बांधलेले लीज कर्जापेक्षा स्वस्त नसते, कर्जाच्या बरोबरीचे असते. आणि चुकीचे बांधलेले लीज त्याहून वीस लाखांनी महाग पडते. घासाघीस करताना हातात हे कर्जाचे कोटेशन असले की बोलण्याला वजन येते.

आरसीवर नाव कोणाचे, हा प्रश्न कोल्हापुरात भावनेचा असतो. शाही दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक पाहण्यासाठी जे गाव गर्दी करते, त्या गावात "गाडी भाड्याची आहे" म्हणायला जीभ रेटत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याला पैशांचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(30) नुसार लीजच्या गाडीचा 'मालक' म्हणजे करारान्वये ती ज्याच्या ताब्यात आहे तो. आणि कलम 51 प्रमाणे गाडी वापरणाऱ्याच्या नावावर नोंदवून आरसीवर लीजची नोंद करता येते. काही कंपन्या मात्र नोंदणी स्वतःच्या नावावर करतात. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर 13 टक्के रस्ता कर आहे, कंपनीच्या नावावर सरसकट 20 टक्के. सत्तर लाखांच्या बिलावर हा फरक 4.9 लाखांचा होतो, आणि तो शेवटी भाड्यातूनच वसूल होणार. (या कराची कमाल मर्यादा 2025 मध्ये 20 लाखांवरून 30 लाख झाली, पण ती आपल्या उदाहरणापासून दूर आहे.) आपला उद्योजक गाडी स्वतःच्या प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घेणार असेल तर 20 टक्के टळत नाहीत, व्यक्ती म्हणून घेणार असेल तर टळू शकतात. कर वाचवण्यासाठी गाडी परराज्यात नोंदवून देण्याचा प्रस्ताव आला तर त्याला नकार द्यावा: दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि तेव्हा एमएच-09 च्या पाटीसाठी रस्ता कर भरायची पाळी कोणाची, याचे उत्तर करारात बहुधा तुमच्याच विरुद्ध लिहिलेले असते.

किलोमीटरची मर्यादा कोल्हापूरकराने विशेष जपून वाचावी. कोल्हापूर ते पुणे आणि परत म्हणजे सुमारे 460 किलोमीटर. महिन्यातून चार फेऱ्या झाल्या तरी वर्षाला 22,000 होतात. त्यात मुंबई, बेळगाव आणि गावातले फिरणे वेगळे. कोटेशनमध्ये 15,000 ची मर्यादा असेल, तर तीन वर्षांत किमान 21,000 किलोमीटर जास्त होणार, आणि जादा किलोमीटरचा दर समजा 20 रुपये असला तर 4.2 लाख रुपये अधिक जीएसटी शेवटच्या दिवशी द्यावे लागणार. आधीच जास्त किलोमीटर मागितले तर भाडे थोडे वाढते, पण ते सहसा स्वस्त पडते. दोन गोष्टी आवर्जून मागाव्यात: मर्यादा वर्षागणिक न मोजता पूर्ण मुदतीची एकत्र मोजावी, आणि कमी धावलेल्या किलोमीटरचा काही परतावा मिळावा. पहिली बहुतेक मिळते. दुसरीसाठी थोडे ताणून धरावे लागते.

अनामत रक्कमही भाड्याचाच एक भाग समजावी. पाच लाखांची बिनव्याजी अनामत म्हणजे 10 टक्क्यांनी वर्षाला 50,000, महिन्याला 4,167 रुपयांचे न दिसणारे भाडे.

विम्याबाबत पंचगंगेला विसरून चालत नाही. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले, वाहतूक बंद पडली आणि अनेक गाड्या पाण्यात गेल्या. पाणी शिरलेल्या इंजिनाचे नुकसान साध्या विम्यात बहुधा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड लागते, आणि भाड्यात विमा अंतर्भूत असेल तर ही जोड त्यात आहे का, ते पाहावे. गाडी पूर्ण बाद झाली किंवा चोरीला गेली तर विमा कंपनी आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, एवढेच पैसे देते, आणि ती पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, दुसऱ्यानंतर 30 टक्के घटवून धरतात. लीज कंपनी मात्र उरलेली भाडी आणि शेवटची किंमत यांवरून आपले येणे काढते. या दोहोंतली दरी तुमच्या माथी येऊ नये म्हणून बिलाची पूर्ण किंमत देणारी 'रिटर्न टू इनव्हॉइस' जोड घ्यावी, आणि अशा प्रसंगी आपल्याला नेमके किती द्यावे लागेल, याचा महिनावार तक्ता करारालाच जोडून मागावा. मुदतीआधी लीज मोडायची झाल्यास हाच तक्ता उपयोगी पडतो. "त्या वेळी लागू असलेल्या दराने" असे मोघम वाक्य तिथे राहू देऊ नये.

देखभाल भाड्यात धरलेली असेल तर टायर आणि बॅटरी तिच्यात आहेत का, हे विचारावे, कारण आलिशान गाडीच्या चार टायरांत एखादी साधी दुचाकी येते. सर्व्हिससाठी गाडी पुण्याला न्यावी लागणार असेल तर ने-आण कोणाच्या खर्चाने आणि तिचे किलोमीटर कोणाच्या खात्यात, हेही लिहून घ्यावे.

राहिला गाडी परत देण्याचा दिवस. 'वाजवी झीज' हा शब्द करारात असतोच, पण वाजवी म्हणजे किती, ते मोजमापात लिहून घ्यावे: किती सेंटिमीटरपर्यंतचा ओरखडा चालेल, टायरची नक्षी किती मिलिमीटर उरलेली असावी, काचेवरचा खड्याचा टवका धरणार की सोडणार. फौंड्र्यांच्या परिसरात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या रंगावर लोखंडाचा बारीक कीस बसून तपकिरी ठिपके पडतात, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीच्या शेजारून निघताना बाहेर आलेल्या कांड्या दारावर रेघा मारतात. हे आपल्याला रोजचे असले तरी तपासणीला पुण्या-मुंबईहून येणाऱ्या माणसाला ते नुकसानच दिसते. म्हणून मुदत संपण्याच्या दोन महिने आधी, दोन्ही पक्षांच्या उपस्थितीत, दिवसाउजेडी तपासणी करून घ्यावी, म्हणजे किरकोळ दुरुस्ती आपल्या ओळखीच्या कारागिराकडून आपल्या दराने करता येते. गाडी ताब्यात घेतल्याच्या दिवशी आणि परत देण्याच्या दिवशी चारही बाजूंचे आणि किलोमीटरच्या काट्याचे फोटो काढावेत, गाडी पोहोचल्याची सहीशिक्क्याची पावती घ्यावी. आरसी आपल्या नावावर असेल तर पुढचे चलन आणि अपघाताची जबाबदारी आपल्या दारात येऊ नये यासाठी नाव बदलण्याचे कागद त्याच दिवशी पुरे करावेत. आणि गाडी आपणच ठेवून घेणार असू, तर आरसीवरची लीजची नोंद उतरवण्यासाठी कंपनीची सही असलेला फॉर्म 35 हातात पडल्याशिवाय शेवटचा धनादेश सोडू नये.